स्पॅनिश भाषेंतील ‘चांगला’

परकी भाषा शिकूं लागणाऱ्या मनुष्यास अवघड शब्दांची धास्ती वाटते, आणि सोपे शब्द तर आपल्या मुठींतच आले आहेत असें तो समजतो. प्रत्यक्षांत पुष्कळदां उलट घडतें. अवघड शब्द तो जपून वापरतो, कोश उघडतो, जाणत्यास विचारतो. सोपा शब्द मात्र बेधडक फेंकतो आणि तेथेंच फसतो. स्पॅनिश भाषेंत अशा फसव्या सोप्या शब्दांचा मुकुटमणि शोधावयाचा झाला, तर तो ‘ब्वेनो’ हा होय. ‘ब्वेनो’ म्हणजे चांगला. पहिल्या दिवशीं जो पहिला नमस्कार शिकवितात, त्यांतच हा शब्द येतो. आणि त्याचा अर्थ विचारला तर तो मराठींत एका शब्दांत सांगतां येतो. अर्थ कळला म्हणजे शब्द आला, अशी मग नवशिक्याची समजूत होते.

ही समजूत महाग पडते. आज सुमारें ५० कोटी लोकांची मातृभाषा असलेली आणि २० स्वतंत्र देशांच्या राज्यकारभारांत चालणारी ही भाषा आहे. शिक्षण, व्यापार व प्रवास यांच्या निमित्तानें मराठी तरुणतरुणींचाहि तिच्याशीं संबंध येतो. अशा वेळीं एखाद्या सज्जनास चांगला म्हणावयास जावें आणि त्याच्या वाट्यास नकळत कींव यावी. एखाद्या बाईच्या स्वभावाची स्तुति करावयास जावें आणि तोंडून असभ्य शेरा निघावा, असे प्रकार या एका शब्दाच्या चुकीच्या योजनेनें घडूं शकतात. याचें कारण असें कीं, ‘ब्वेनो’चा सगळा अर्थ त्याच्या एकट्याजवळ नसतो. तो कोणत्या नामाशीं जोडला आहे, त्या नामाच्या आधीं बसला आहे कीं नंतर, आणि वाक्यांतील क्रियापद कोणतें आहे, या तीन गोष्टी मिळून त्याचें रूप आणि अर्थ ठरवितात. हे तीन सोबती ओळखले म्हणजे शब्द वश होतो.

प्रथम त्याच्या कुळाविषयीं थोडेंसें. लॅटिन ‘बोनुस’ हें त्याचें मूळ. लॅटिनमधील ऱ्हस्व ‘ओ’वर उच्चाराचा आघात असला, कीं स्पॅनिशमध्यें त्याचा बहुधा ‘वे’ होतो. ‘पोर्ता’ म्हणजे दार, त्याचें ‘प्वेर्ता’ झालें. तसेंच ‘बोनुस’चें ‘ब्वेनो’ झालें. आघात सरकला कीं जुना ‘ओ’ पुन्हा डोकावतो; म्हणून चांगुलपणास ‘बोन्दाद’ म्हणतात. या भाषेंतील ‘त’ आणि ‘द’ हे मराठीप्रमाणें दंत्य असल्यामुळें, इंग्रजीच्या वाटेनें जाणाऱ्याची जीभ जेथें अडते, तेथें मराठी जीभ सरळ चालते.

पहिला सोबती नाम. स्पॅनिशमध्यें लिंगें दोन, पुल्लिंग व स्त्रीलिंग. आणि वचनेंहि दोन. म्हणून ‘ब्वेनो’चीं मुख्य रूपें चार झालीं. चांगला मित्र बाजूस ठेवून नुसतें विशेषण घेतलें, तर पुल्लिंगी एकवचन ‘ब्वेनो’, स्त्रीलिंगी एकवचन ‘ब्वेना’, पुल्लिंगी अनेकवचन ‘ब्वेनोस’ आणि स्त्रीलिंगी अनेकवचन ‘ब्वेनास’. ज्यानें केवळ इंग्रजी विशेषणें पाहिलीं आहेत त्याला हें ओझें वाटतें, कारण तेथें विशेषण कधीं बदलत नाहीं. मराठी मनुष्यास यांत नवल वाटूं नये. ‘चांगला, चांगली, चांगलें, चांगले, चांगल्या, चांगलीं’ अशीं सहा रूपें तो लहानपणापासून विनासायास वापरीत आला आहे. शिवाय ‘चांगल्या माणसाला’ यांतील सामान्यरूप वेगळेंच. स्पॅनिशमध्यें नपुंसकलिंगी नाम नाहीं आणि सामान्यरूपहि नाहीं; तेव्हां मराठीच्या मानानें हा हिशेब हलकाच आहे.

साम्य येथेंच संपत नाहीं. मराठींत ‘चांगला’, ‘मोठा’, ‘काळा’ हीं आकारान्त विशेषणें बदलतात, पण ‘सुंदर’, ‘लाल’, ‘शूर’ हीं जशींच्या तशीं राहतात. स्पॅनिशमध्येंहि ओकारान्त विशेषणें चारी रूपें घेतात. पण ‘ग्रान्दे’ म्हणजे मोठा किंवा ‘आसुल’ म्हणजे निळा, यांसारखीं विशेषणें लिंगाप्रमाणें बदलत नाहींत, केवळ वचनाप्रमाणें बदलतात. म्हणजे शेवटच्या अक्षराकडे पाहून विशेषणाची चाल ओळखावयाची, ही युक्ति दोन्ही भाषांत चालते.

मात्र नामाचें लिंग त्याच्या शेवटच्या अक्षरावरून ठरविण्याची घाई करूं नये. ‘ओ’नें संपणारें नाम बहुधा पुल्लिंगी आणि ‘आ’नें संपणारें बहुधा स्त्रीलिंगी असतें, हें खरें, पण ‘मानो’ म्हणजे हात हा शब्द ओकारान्त असून स्त्रीलिंगी आहे, आणि ‘दीआ’ म्हणजे दिवस हा आकारान्त असून पुल्लिंगी आहे. म्हणूनच सकाळचा नमस्कार ‘ब्वेनोस दीआस’ असा होतो, ‘ब्वेनास दीआस’ असा होत नाहीं. दुपार आणि रात्र यांचे शब्द ‘तार्दे’ व ‘नोचे’ हे स्त्रीलिंगी. त्यामुळें दुपारीं ‘ब्वेनास तार्देस’ आणि रात्रीं ‘ब्वेनास नोचेस’. हे तीन नमस्कार पाठ असणें म्हणजे लिंगवचनाचा अर्धा धडा पाठ असणें होय. नमस्कारांत अनेकवचन कां, असा प्रश्न कोणी विचारील. तो त्या भाषेचा रिवाज आहे इतकेंच. अर्जेंटिनासारख्या देशांत ‘ब्वेन दीआ’ असा एकवचनी नमस्कारहि चालतो. ‘आग्वा’ म्हणजे पाणी, हा आणखी एक चकवा. उच्चाराच्या सोयीसाठीं त्याच्यामागें ‘एल’ हें पुल्लिंगी दिसणारें उपपद लावतात, पण तो शब्द आहे स्त्रीलिंगीच; म्हणून पाणी चांगलें आहे हें सांगतांना ‘ब्वेना’च म्हटलें पाहिजे.

विशेषण जुळतें तें नामाशीं. ज्याच्याविषयीं बोलणें चाललें आहे त्या मनुष्याच्या लिंगाशीं नव्हे. ‘पेर्सोना’ म्हणजे व्यक्ति, हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्यामुळें पेद्रो नांवाच्या पुरुषाविषयीं बोलतांनाहि ‘पेद्रो एस उना ब्वेना पेर्सोना’ असें म्हणावें लागतें. ‘गोविंदराव ही एक चांगली व्यक्ति आहे’ असें म्हणणाऱ्या मराठी मनुष्यास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. ‘खेन्ते’ म्हणजे लोक, या शब्दाची गोष्टहि तीच. तो स्त्रीलिंगी व एकवचनी असल्यामुळें एका पुरुषाविषयींहि ‘एस ब्वेना खेन्ते’ असें सहज म्हणतात, आणि त्याचा अर्थ ‘माणूस चांगला आहे’ एवढाच असतो. स्त्रीपुरुषांचा एकत्र उल्लेख असला म्हणजे मात्र दोन भाषांच्या वाटा निराळ्या होतात. मराठींत ‘मुलगा आणि मुलगी दोन्ही चांगलीं आहेत’ असें नपुंसकलिंगी अनेकवचन येतें. स्पॅनिशमध्यें नपुंसकलिंगी अनेकवचन नसल्यामुळें पुल्लिंगी ‘ब्वेनोस’ वापरतात.

दुसरा सोबती म्हणजे स्थान. मराठींत ‘चांगला माणूस’ हाच क्रम सहज आहे. स्पॅनिशमध्यें विशेषण सामान्यतः नामाच्या नंतर येतें. पण ‘ब्वेनो’ दोन्ही जागीं बसतो, आणि जागा बदलली कीं प्रथम त्याचें रूप बदलतें. नियम असा कीं, पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधीं ‘ब्वेनो’ आला, तर त्याच्या अंत्य ‘ओ’चा लोप होऊन ‘ब्वेन’ उरतें. चांगला मित्र म्हणजे ‘ब्वेन आमिगो’. परंतु चांगली मैत्रीण ‘ब्वेना आमिगा’, चांगले मित्र ‘ब्वेनोस आमिगोस’, चांगल्या मैत्रिणी ‘ब्वेनास आमिगास’. या तिन्ही ठिकाणीं कांहींहि लोपत नाहीं. नामाच्या नंतर आला तर पुल्लिंगी एकवचनांतहि तो अखंड ‘ब्वेनो’च राहतो. ‘ग्रान्दे’ या विशेषणाचा लोप याहून व्यापक आहे. तें एकवचनी नामाच्या आधीं आलें म्हणजे नाम पुल्लिंगी असो कीं स्त्रीलिंगी असो, ‘ग्रान’ असें आंखूड होतें. एकाचा नियम दुसऱ्यास लावून ‘ब्वेन कासा’ म्हणणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. ‘कासा’ म्हणजे घर हें तेथें स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘ब्वेना कासा’ हेंच शुद्ध.

या नियमाचें सर्वांत मोठें उदाहरण नकाशावर लिहिलेलें आहे. पेद्रो दे मेन्दोसा यानें १५३६ सालीं दक्षिण अमेरिकेंत एक वसाहत वसविली आणि तिला ‘ब्वेन आइरे’च्या मातेचें नांव दिलें. ‘आइरे’ म्हणजे हवा किंवा वारा, हा शब्द पुल्लिंगी. सार्दिनिया बेटांतील काग्लियारी येथें ‘बोनारिया’ म्हणजे चांगल्या हवेची माता या नांवानें पुजली जाणारी मेरी ही दर्यावर्दी लोकांची रक्षक मानली जाई; तिच्यावरून हें नांव आलें. ती वसाहत टिकली नाहीं. खुआन दे गाराय यानें १५८० सालीं त्या ठिकाणीं पुन्हा शहर वसविलें, आणि पुढें त्याच्या बंदराचें नांव शहरास चिकटून तें ‘ब्वेनोस आइरेस’ झालें. एकवचनांत ‘ब्वेन आइरे’, अनेकवचनांत ‘ब्वेनोस आइरेस’. एका राजधानीच्या नांवांत हा सबंध नियम सांठविलेला आहे. नामानंतर बसलेल्या ‘ब्वेना’चें उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सांपडतें. आज ज्याला सॅन फ्रान्सिस्को म्हणतात त्या गांवाचें नांव १८४७ सालापर्यंत ‘येर्बा ब्वेना’, शब्दशः ‘चांगली वनस्पति’, असें होतें. पुदिन्यासारख्या सुवासिक पाल्यास स्पॅनिश लोक हेंच नांव देतात.

लिंगाचा हाच कांटा मुंबईच्या एका जुन्या वादासहि लावून पाहतां येतो. स्पॅनिशची सख्खी बहीण जी पोर्तुगीज, तिच्यांत चांगला याला ‘बोम’ आणि चांगली याला ‘बोआ’ म्हणतात. मुंबई बेट १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेलें, आणि १६६१ सालच्या विवाहाच्या करारानें तें इंग्लंडच्या राजास आंदण मिळालें. यावरून ‘बॉम्बे’ हें नांव पोर्तुगीज ‘बोम बाईआ’ म्हणजे चांगला उपसागर या शब्दांपासून निघालें, असें पुष्कळ पुस्तकांतून लिहिलेलें आढळतें. परंतु ‘बाईआ’ हें नाम स्त्रीलिंगी आहे. तेव्हां पोर्तुगीज मनुष्याच्या तोंडीं ‘बोआ बाईआ’ यावयास हवें होतें. शिवाय पोर्तुगीज त्या गांवास ‘बोंबाईं’ म्हणत, त्यांत ‘बाईआ’ कोठेंच दिसत नाहीं. विशेषणाच्या पहिल्याच धड्यावर अडखळणाऱ्या या व्युत्पत्तीपेक्षां मुंबादेवीकडे जाणें अधिक सरळ.

स्थानानें रूप बदलतें हें झालें. पण खरी नाजूक बाब पुढेंच आहे. स्थानानें अर्थहि बदलतो. ‘उन ओम्ब्रे ब्वेनो’ यांत विशेषण नामाच्या नंतर आहे. त्याचा अर्थ, ज्याचें शील चांगलें आहे असा माणूस. चांगुलपणा ही येथें त्याला इतरांपासून वेगळी करणारी खूण आहे. ‘उन ब्वेन ओम्ब्रे’ यांत विशेषण आधीं आहे. तेंहि चांगलेंच म्हणणें, पण तें जिव्हाळ्याचें, ढोबळ आणि कित्येकदां किंचित् वरून खालीं पाहणारें असतें. ‘भला माणूस आहे हो तो’ असें मराठींत कोणी म्हटलें, तर त्या सुरांत आदर किती आणि कींव किती याचा अंदाज ऐकणाऱ्यानें प्रसंगावरून बांधावयाचा असतो, तसेंच तें. ‘पोब्रे’ म्हणजे गरीब या विशेषणांत हा भेद अधिक उघड होतो. ‘ओम्ब्रे पोब्रे’ म्हणजे पैशानें गरीब आणि ‘पोब्रे ओम्ब्रे’ म्हणजे बिचारा, मग त्याच्या घरीं हत्ती कां झुलत असेनात. मराठींतहि ‘गरीब’ आणि ‘गरीब बिचारा’ यांत अंतर आहे, पण तें दाखवावयास मराठीस दुसरा शब्द जोडावा लागतो. स्पॅनिशमध्यें नुसती जागा बदलून काम भागतें.

स्पॅनिश लोकांनीं ज्या मनुष्यांना चांगुलपणाची पदवीच दिली, त्यांच्या नांवांत ‘ब्वेनो’ कोठें बसला आहे हें पाहण्यासारखें आहे. स्पेनच्या दक्षिण टोंकावरील तारीफा या किल्ल्यास १२९४ सालीं वेढा पडला. किल्ल्याचा रक्षक आलोन्सो पेरेस दे गुस्मान हा होता. परंपरागत कथा अशी कीं, वेढा घालणाऱ्यांनीं त्याच्या मुलास तटाखालीं आणून उभें केलें, आणि किल्ला हवालीं न केल्यास मुलास ठार मारूं असें बजाविलें. गुस्माननें आपला खंजीर तटावरून खालीं टाकला, पण किल्ल्याचें दार उघडलें नाहीं. मुलगा गेला, किल्ला राहिला. तेव्हांपासून इतिहासांत त्याचें नांव ‘गुस्मान एल ब्वेनो’ असें चालत आलें आहे. येथें विशेषण नांवाच्या नंतर, उपपदासह आणि अखंड रूपांत आहे. हेंच उलटून ‘एल ब्वेन गुस्मान’ म्हटलें, तर व्याकरण बिघडत नाहीं. पण पदवी जाते आणि ‘आपला भला गुस्मान’ एवढा घरगुती अर्थ उरतो.

दुसरें नांव कादंबरींतील आहे. सेर्वान्तेसच्या ‘दोन किखोते’ या कादंबरीचा दुसरा भाग १६१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या अखेरीस मरणशय्येवर पडलेल्या नायकाचें वेड उतरतें. आपण आतां दोन किखोते राहिलों नसून, सदाचरणामुळें ज्याला लोकांनीं ‘ब्वेनो’ म्हटलें तो आलोन्सो किखानो आहों, असें तो सांगतो. तरवार आणि भाला यांनीं मिळविलेल्या सगळ्या काल्पनिक पदव्या गळून पडतात आणि हें एक साधें विशेषण त्याच्याजवळ राहतें. जुन्या कास्तील प्रांताच्या कायद्याच्या भाषेंतहि ‘ओम्ब्रे ब्वेनो’ हा शब्दप्रयोग रूढ होता, आणि तंटा तडजोडीनें मिटविणाऱ्या मध्यस्थास तें नांव पुढेंहि चालत राहिलें. मराठींतील ‘चार भले लोक’ जें काम करतात तेंच हें. अशा ठिकाणीं विशेषण नामाच्या आधीं आणून चालावयाचें नाहीं.

यावरून ‘ब्वेनो’ नेहमीं नंतरच ठेवावा, असें मात्र कोणी समजूं नये. मनुष्याच्या धंद्यांतील कौशल्य सांगावयाचें असतां तो आधीं बसतो. ‘उन ब्वेन मेदिको’ म्हणजे औषधोपचारांत निष्णात असा वैद्य. त्याचा स्वभाव तिरसट असला तरी चालेल. चांगला गवई, चांगला शिक्षक, चांगलें पुस्तक, सर्वत्र हाच क्रम. परिमाण दाखवितांनाहि तो आधींच येतो. ‘उन ब्वेन रातो’ म्हणजे बराच वेळ, मराठींतील ‘चांगला तासभर’. ‘उना ब्वेना पालिसा’ म्हणजे चांगला चोप. चोप खाणाऱ्यास त्यांत चांगलें कांहींच वाटत नाहीं, तरी दोन्ही भाषांनीं तेथें हेंच विशेषण पसंत करावें ही मौजेची गोष्ट आहे.

तिसरा सोबती क्रियापद. ‘असणें’ या अर्थीं स्पॅनिशमध्यें दोन क्रियापदें आहेत: एक ‘सेर’, ज्याचें वर्तमानकाळीं ‘एस’ होतें, आणि दुसरें ‘एस्तार’, ज्याचें ‘एस्ता’ होतें. वस्तूचा स्वभाव, जात, गुणधर्म सांगावयास ‘एस’. तिची प्रस्तुतची स्थिति सांगावयास ‘एस्ता’. मराठी व्याकरणांत ज्याला विधिविशेषण म्हणतात, त्या जागीं ‘ब्वेनो’ आला म्हणजे या दोन क्रियापदांपैकीं एकाची निवड करावीच लागते. ‘ला सोपा एस ब्वेना’ म्हणजे सूप ही चीज चांगली आहे, प्रकृतीस हितकर आहे. ‘ला सोपा एस्ता ब्वेना’ म्हणजे समोर वाढलेलें हें सूप चवदार झालें आहे. यजमानीण पानावर वाट पाहत उभी असतां ‘एस’ म्हणणारा पाहुणा आहारशास्त्रावर व्याख्यान देतो. ‘एस्ता’ म्हणणारा तिच्या हाताची तारीफ करतो.

मराठींत हा भेद नाहीं असें नाहीं. फक्त तो निराळ्या रीतीनें दाखवितात. ‘रत्नागिरीचा हापूस चांगला असतो’ आणि ‘हा आंबा चांगला निघाला’. ‘चिंचगुळाची आमटी चांगली लागते’ आणि ‘आज आमटी चांगली झाली आहे’. पहिलें विधान जातीविषयीं, दुसरें आजच्या अनुभवाविषयीं. हीं दोन्ही भाषांतील रूपें प्रत्येक वाक्यांत तंतोतंत जुळत नाहींत, हें खरें. पण मनांत मराठी वाक्य ‘असतो’नें पुरें होतें कीं ‘झाला, निघाला’ यांनीं, इतकें तपासलें तरी खाण्यापिण्याच्या बाबतींत बहुतेक वेळां योग्य क्रियापद सांपडतें.

मनुष्याविषयीं बोलतांना मात्र येथें सर्वांत अधिक सावधगिरी हवी. ‘पेद्रो एस ब्वेनो’ म्हणजे पेद्रो स्वभावानें सज्जन आहे. ‘पेद्रो एस्ता ब्वेनो’ याचा एक अर्थ, तो आजारांतून उठला, आतां बरा आहे, असा होतो. आणि ‘एस्ता मालो’ म्हणजे तो आजारी आहे. ‘एस मालो’ म्हटलें तर मात्र तो दुष्ट ठरतो. म्हणजे मराठींत ‘चांगला’ आणि ‘बरा’ असे दोन शब्द जें काम वांटून घेतात, तें स्पॅनिशमध्यें एक विशेषण आणि दोन क्रियापदें मिळून करतात. पण ‘एस्ता ब्वेनो’ आणि विशेषतः ‘एस्ता ब्वेना’ यांना बोलभाषेंत एक तिसरा अर्थ चिकटला आहे. तो शरीराच्या आकर्षकपणाविषयींचा असून, सभ्य बैठकींत उच्चारण्यासारखा नाहीं. यजमानांच्या कन्येचा सुस्वभाव वर्णन करूं पाहणाऱ्यानें एक क्रियापद चुकविलें, तर सगळी बैठक एकाएकीं गप्प होईल. म्हणून परक्यानें नियम असा ठेवावा: स्वभाव सांगावयाचा तर ‘एस’ आणि ‘ब्वेनो’ किंवा ‘ब्वेना’, प्रकृति बरी असल्याचें सांगावयाचें तर ‘एस्ता ब्येन’.

हें ‘ब्येन’ म्हणजे ‘ब्वेनो’च्या घरचें क्रियाविशेषण. नामाचा गुण सांगावयाचा तेथें ‘ब्वेनो’. क्रिया कशी झाली तें सांगावयाचें तेथें ‘ब्येन’. येथें मराठी मनुष्याची एक संवय आड येते. मराठींत ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते, तीं मुलें चांगलीं गातात’ असें आपल्या कर्त्याप्रमाणें बदलणारें क्रियाविशेषण सर्रास चालतें. त्या संवयीनें ‘कान्ता’ म्हणजे गातो किंवा गाते, याच्या जोडीस ‘ब्वेनो’, ‘ब्वेना’ लावण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ‘ब्येन’ अव्यय आहे. तो गातो, ती गाते, सर्वजण गातात, तरी ‘ब्येन’ तें ‘ब्येन’च राहतें. विशेषणाच्या लिंगवचनांत मराठी जितकी उपयोगी पडते, तितकीच ती येथें चकविते.

तुलनेचीं रूपें लवकर आटोपण्यासारखीं आहेत. अधिक चांगला याला ‘मेखोर’ म्हणतात. तें दोन्ही लिंगीं सारखेंच राहतें, अनेकवचनांत ‘मेखोरेस’ होतें. ‘मास’ म्हणजे अधिक, तो शब्द लावून ‘मास ब्वेनो’ असें रूप वस्तूंच्या किंवा कौशल्याच्या तुलनेंत करीत नाहींत. मनुष्याच्या मायाळूपणाविषयीं बोलतांना तें चालतें, आणि ‘मास ब्वेनो के एल पान’, म्हणजे भाकरीहूनहि चांगला, ही तर रोजच्या बोलण्यांतील म्हणच आहे. अतिशय चांगला या अर्थीं ‘बोनीसिमो’ हें जुन्या वळणाचें रूप आणि ‘ब्वेनीसिमो’ हें नित्याच्या बोलण्यांतील रूप. दोन्हीं शुद्ध आहेत.

अखेरीस या विशेषणाचा एक असा उपयोग, ज्यांत तें विशेषण राहतच नाहीं. बोलण्यास आरंभ करतांना, विषय बदलतांना, कांहींशा नाखुषीनें रुकार देतांना स्पॅनिश मनुष्य ‘ब्वेनो’ म्हणतो. हें केवलप्रयोगी अव्यय होय, आणि मराठींतील ‘बरं’ हें त्याचें सख्खें भावंड. ‘बरा’ या विशेषणापासून मराठीनें ‘बरं’ काढलें. स्पॅनिशनें ‘ब्वेनो’लाच तें काम दिलें. येथें तो कोणत्याहि नामाशीं जुळवावयाचा नसतो. बाई बोलत असो कीं पुरुष, ‘ब्वेनो’ तसाच. मेक्सिकोंत दूरध्वनि उचलतांना ‘ब्वेनो?’ असेंच म्हणतात.

ज्यांना हें सर्व एकदां तपासून पाहावयाचें असेल, त्यांनीं पुढील पांच मराठी वाक्यें घ्यावींत. त्या सर्वांत ‘चांगला’ किंवा ‘बरा’ यांचेंच एखादें रूप आहे, पण स्पॅनिशमध्यें प्रत्येकाची वाट निराळी होते. ‘ती चांगली व्यक्ति आहे’: एस उना ब्वेना पेर्सोना. ‘आज भात चांगला झाला आहे’: ओय एल आर्रोस एस्ता ब्वेनो. ‘तो चांगला गातो’: कान्ता ब्येन. ‘आजोबा आतां बरे आहेत’: एल आब्वेलो या एस्ता ब्येन. ‘बरं, निघूं या’: ब्वेनो, बामोनोस. पहिल्यांत नामाचें लिंग पाहिलें, दुसऱ्यांत आजची स्थिति, तिसऱ्यांत क्रिया, चौथ्यांत प्रकृति. पांचव्यांत पाहावयाचें कांहींच नव्हतें. घरांतील मंडळींनीं अशींच आणखी पांचदहा वाक्यें जुळवून एकमेकांस विचारलीं, तर आठवड्याभरांत जिभेस वळण लागेल. ‘ब्वेनो’ शब्द तोंडीं येतांच क्षणभर थांबून कोणतें नाम, कोणतें स्थान, कोणतें क्रियापद, असें मनाशीं विचारण्याची संवय ज्याला लागली, त्याच्या तोंडची स्तुति ज्याची त्याला पोंचेल आणि ती स्तुतिच राहील.